प्रोग्रॅममध्ये सावन पंधरा दिवस उशिरा लागला

१३ जुलै, रविवार. आजचं काम एकच होतं. कांद्याचा डबा शास्त्रीजींच्या गल्लीत कसा गेला ते शोधायचं आणि उद्या सकाळी सहाच्या आत तो पुन्हा जाणार नाही अशी व्यवस्था करायची.

शास्त्रीजी म्हणजे जयपूरच्या शास्त्री नगरातले एक निवृत्त संस्कृत शिक्षक. त्यांना डबा पुरवणारी बाई आमची गिऱ्हाईक. तळघरात तिचं मोठं स्वयंपाकघर आहे आणि आसपासच्या बहुतेक म्हाताऱ्या माणसांना तिचाच डबा जातो. कुणाला एकादशी, कुणाला चतुर्थी, कुणाला सावनभर कांदा-लसूण वर्ज्य. डबे कमी होते तोवर तिने हे सगळं डोक्यात ठेवलं. ते वाढल्यावर होळीनंतर तिने आमच्याकडून एक छोटं यंत्र घेतलं. रोज सकाळी ते प्रत्येक डब्यासाठी चिठ्ठी छापतं आणि चिठ्ठी बघून भरणाऱ्या बायका डबा भरतात.

गुरुपौर्णिमेला तिने घरोघरी जाऊन सांगितलं होतं, की सावनात एक पाकळी कांदा येणार नाही, माझी जबान आहे. दुसऱ्याच दिवशी, शुक्रवारी, सावनाच्या पहिल्या दिवशी, यंत्राने नेहमीच्या चिठ्ठ्या छापल्या. शास्त्रीजींनी डबा उघडला, बटाट्यात कांदा बघितला, झाकण लावलं आणि डबा परत पाठवला. मग त्या गल्लीतून आणखी डबे परत आले.

तिने मला फोन केला. आवाज अजिबात चढलेला नव्हता.

"मॅडमजी, आपकी मशीन का सावन कब लगेगा?"

मी म्हटलं, बघते.

"देख लीजिए. कल-परसों मैं हाथ से कर लूँगी. सोमवार हाथ से नहीं होगा. आधे व्रत वाले, आधे एक टाइम वाले. सोमवार को फिर गड़बड़ हुई तो मशीन नहीं, मैं झूठी पड़ूँगी."

शनिवार इकडेतिकडे बघण्यात गेला. आधी मला भरणाऱ्या बायकांचा संशय आला. मग शुक्रवारच्या चिठ्ठ्या मागवून पाहिल्या, तर त्यांच्यावर कांदा-लसूण वर्ज्य असं लिहिलेलंच नव्हतं. म्हणजे चूक आमचीच.

आमचं म्हणजे दोघांचं. बनी पार्कात एका घराच्या तळमजल्यावर आमचं ऑफिस आहे. माझा भागीदार जवळच्याच चौमूं गावचा, माझ्यापेक्षा थोडा लहान, बोलण्यात माझ्यापेक्षा बराच तिखट. नवऱ्याची विमा कंपनीतून इथे बदली झाली तेव्हा आम्ही तीन वर्षांसाठी आलो होतो. ती कधीच उलटून गेली. आज सकाळी नवऱ्याला जेवणाचं तुझं तू बघ असं सांगून मी ऑफिस उघडलं.

तळघरात नेट येत नाही. म्हणून वर्षभराच्या तिथींचा तक्ता आम्ही प्रोग्रॅममध्येच घालून देतो. तो हाताने लिहीत नाही. प्रोग्रॅम कम्पाइल होत असताना, म्हणजे आम्ही लिहिलेल्या मजकुराचं यंत्राला चालणारं रूप बनत असताना, आमच्याच कोडचा एक तुकडा आधी धावतो, पंचांगाचं गणित करतो आणि तक्त्याचा कोड लिहून देतो. उरलेला प्रोग्रॅम तो कोड आपलाच समजून वापरतो. हे पापडासारखं आहे. मीठ लाटतानाच चुकलं असेल तर तळताना काही करता येत नाही. यंत्रात कितीही शोधलं तरी चूक तिथे सापडत नाही, कारण ती आमच्या ऑफिसात, बनवतानाच घडलेली असते.

भागीदार आल्या आल्या म्हणाला, "मॅडम, मेरे लैपटॉप पे तो सही आ रहा है."

"यंत्रात तुमचा लॅपटॉप बसवायचा का मग?" मी त्याच्याशी मराठीत बोलते तेव्हा मी चिडलेली आहे एवढं त्याला कळतं. तो कामाला लागला.

पहिला संशय जुन्या कोडवर होता. तक्ता बनवणारा तुकडा दर वेळी धावत नाही. त्याला दिलेली माहिती बदलली नसेल तर मागच्या वेळचाच कोड पुन्हा वापरला जातो. मी मागचं सगळं पुसून नव्याने बनवलं. तक्ता तोच आला.

मग त्याने त्या तुकड्यात जागोजागी निरोप छापायच्या ओळी घातल्या आणि प्रोग्रॅम चालवून वाट बघत बसला. काही येईना. मी सांगितलं, निरोप कम्पाइल होतानाच येतील, ती खिडकी तुम्ही बंद केलीत. त्याने ती उघडली. निरोप आले होते, पण सगळं ठीक आहे असं सांगणारे.

शेवटी जे पहिल्यांदा करायला हवं होतं ते केलं. तुकड्याने लिहिलेला कोड दोन्ही लॅपटॉपवर फाइलमध्ये काढला आणि शेजारी शेजारी लावला. मजकूर एकच, कम्पायलर एकच, तरी दोन फाइली वेगळ्या. मी फरक रंगवून घेतले. सगळीकडे विखुरलेले असतील असं वाटलं होतं. तसं नव्हतं. पंधरा दिवस रंग, पंधरा दिवस कोरं, पुन्हा पंधरा दिवस रंग. वर्षभर पट्टेच पट्टे. तिथी सगळीकडे जुळत होती. रंगलेल्या ओळींत फक्त महिन्याचं नाव वेगळं होतं.

पट्टे बघितले आणि मला पुढे काही शोधावं लागलं नाही. रंगलेला प्रत्येक पट्टा वद्य पक्षाचा होता.

जयपुरात राहणाऱ्या कुठल्याही मराठी बाईला हे माहीत असतं. इथला महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. शुद्ध पक्षात दोघांचा महिना एक, वद्य पक्षात ते एक महिना पुढे. शेजारणीचे सावन सोमवार सुरू होतात तेव्हा आमच्याकडे आषाढ चाललेला असतो आणि ती दर वर्षी विचारते, अजून तुमचा लागला नाही का. माहीत होतं, पण स्वयंपाकघरातलं म्हणून. ऑफिसात ते माझ्या मनात आलं नाही.

पंचांगाचं गणित करणारी लायब्ररी, म्हणजे आयता मिळणारा कोड, दुसऱ्या कुणीतरी लिहिलेली. महिना कसा मोजायचा ते तिला सांगितलं नाही, तर ती कम्पाइल करणाऱ्या लॅपटॉपची भाषा बघून ठरवते. त्याचा लॅपटॉप हिंदीत. माझा मराठीत, कारण मी घरी मराठीत लिहिते. एरवी तक्ता त्याच्याकडे बनायचा. जूनमध्ये तो भाचीच्या लग्नाला चौमूंला गेला आणि नवी आवृत्ती माझ्या लॅपटॉपवर बनली. पाठवण्यापूर्वी मी तक्ता नजरेखालून घातला होता. श्रावण पंचवीस जुलैला लागत होता. माझ्या डोळ्यांना त्यात काहीच खटकलं नाही. एकादशी, चतुर्थीला महिन्याचं नाव लागत नाही, म्हणून सावन येईपर्यंत कुणालाच काही कळलं नाही.

भागीदाराने दोन्ही फाइली नीट बघितल्या.

"मतलब गलती पंद्रह दिन की है और महाराष्ट्र की है."

"महाराष्ट्र अपनी जगह ठीक है. लैपटॉप से पूछना गलत था."

"पूछा किसने?"

"लायब्ररीने. आपण कुणी तिला सांगितलं नाही, म्हणून," मी म्हटलं.

दुरुस्ती छोटी होती. महिना कुठे संपतो हे आता माहितीच्या फाइलमध्ये लिहावं लागतं. ते लिहिलेलं नसेल तर तुकडा अंदाज करत नाही, तक्रार करून थांबतो आणि प्रोग्रॅम बनतच नाही. दोन्ही लॅपटॉपवर पुन्हा बनवलं आणि फाइली शेजारी लावल्या. एकही पट्टा नव्हता. संध्याकाळी शास्त्री नगरला जाऊन मी नवी आवृत्ती यंत्रात घातली. बाईने यंत्राकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "सुबह आप भी आइए."

१४ जुलै, सोमवार. सकाळी मी सहाच्या आधी तळघरात होते. चिठ्ठ्या छापून आल्या. तिने एकही तशीच पुढे जाऊ दिली नाही. प्रत्येक वाचायची, क्षणभर डोळे मिटायची, मग डब्यावर लावायची. शास्त्रीजींच्या चिठ्ठीवर व्रत आणि कांदा-लसूण वर्ज्य, दोन्ही होतं. तो डबा तिने सायकलवाल्याकडे दिला नाही. चपला घालून स्वतः घेऊन गेली. परत आली तेव्हा हात रिकामे होते.

"रख लिया," ती म्हणाली. "बोले कुछ नहीं. पर रख लिया."

मग मी बटाट्याच्या पोत्यावर बसून लॅपटॉप उघडला आणि तिला म्हटलं, आता वर्षभराचं तुम्ही सांगा, मी लिहिते. प्रोग्रॅमच्या चाचण्यांत यापुढे माझ्या डोक्यातल्या तारखा नकोत.

"श्राद्ध कौन से महीने में डालेंगी?" तिने विचारलं.

"भादों," मी म्हटलं.

"आसोज," ती म्हणाली आणि कढईखालचा गॅस बारीक केला. "लिखिए."

पितृपक्ष आपल्या भाद्रपदाच्या वद्य पक्षात, म्हणजे इथल्या आश्विनात, आसोजात. मी आसोज लिहिलं.