काकांची अमावस्या

सुरुवातीलाच क्षमा मागतो. आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोचलेला मी पहिलाच. असाइनमेंटखेरीज काही लिहिलेलं नाही, आणि ज्यांच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहतो त्यांच्यावरच लिहायचं म्हणजे जरा आगाऊपणाच. पण काळोखावर इतकं प्रेम करणारा माणूस ब्रॅम्पटनमध्ये काय, अख्ख्या कॅनडात दुसरा नसेल, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

माझे घरमालक काका निवृत्त इंजिनियर. लग्नानंतर काकूंना इकडे आणताना त्यांनी शब्द दिला होता, "तुला हिरवं आकाश दाखवीन." मग मुलं, नोकरी, विंटर टायर्स यांत ते राहून गेलं, आणि आता काकूंना थंडीत दमा उठतो. म्हणून काकांनी ठरवलं, आपण एकट्याने उत्तरेला जायचं आणि नॉर्दर्न लाइट्सचा, म्हणजे त्या हिरव्या आकाशाचा, फोटो काढून घरी आणायचा. तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. थंडीत टिकते का बघायला कॅमेऱ्याची बॅटरी फ्रीझरमध्ये असते. एकदा काकूंनी मटार ओतले तर तीच कढईत टणकन वाजली. जाड हातमोजे घालून बटणं दाबायचा सराव जेवताना चालतो, त्यामुळे वरण सदऱ्यावर. डोळ्यांना अंधाराची सवय हवी म्हणून पोर्चचा दिवा लावायला बंदी. मी रोज विसरतो आणि रोज ओरडा खातो. हवामानाची तीन ॲप्स बघून, तिन्हींवर अविश्वास दाखवून ते शेवटी मलाच विचारतात, "काय रे, ढग येतील?" जणू ढग माझ्या मामाकडचे.

पहिली मोहीम त्यांनी पुण्याहून आलेल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवरून आखली. चंद्र नको म्हणून अमावस्या, आणि सगळ्यांत काळीकुट्ट अमावस्या कोणती, तर आषाढातली! लहानपणची पावसाळी रात्र डोक्यात इतकी पक्की, की पार उत्तरेतल्या यलोनाइफला पोचल्यावर कळलं, जुलैत तिथे धड अंधारच पडत नाही.

"अमावस्या होती रे, फक्त रात्र नव्हती," ते मला म्हणाले.

"दिव्यांची अवस ती," काकू आतून म्हणाल्या, "उजेड असायचाच!"

पुढची, हिवाळ्यातली मोहीम ढगांनी गिळली. यंदा काका सर्वपित्रीला सकाळच्या विमानाने पुन्हा यलोनाइफला निघाले.

"अहो, पितरांना काय सांगू?"

"ते वरच असतात. भेटले तर मीच सांगतो."

त्याच रात्री जेवणं झाल्यावर मी कचऱ्याचा डबा रस्त्याकडेला ठेवायला गेलो आणि गराजच्या वर आकाश हिरवं दिसलं. मी ओरडलो. काकू शाल गुंडाळून ड्राइव्हवेवर आल्या आणि मान वर करून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ह्यांना फोन लाव."

मी स्पीकर लावला.

"अहो, हिरवं आकाश आलंय. आपल्या गराजवर. कडेला गुलाबीसुद्धा आहे."

पलीकडून काकांचा आवाज आला.

"फोटो काढलास?"

"नाही हो. बघतच राहिले."

"बरं केलंस. इथे नुसते ढग आहेत." मग लगेच, "दम नाही ना लागत?"

"नाही."

"मग सांग, कसं आहे ते. सावकाश सांग. मी डोळे मिटलेत."

काकू सांगू लागल्या. मी हळूच जाऊन पोर्चचा दिवा बंद केला.