हाव, न्हाई आणि बघू

रविवार, वैशाख वद्य पंचमी. हजर: मी, माझी नणंद सुलभा आणि सरांचं यंत्र. गैरहजर: टँकर, आणि खुद्द सर.

आमचा लातूर जिल्हा नवा असला, तरी 'बघू' या शब्दाला समोरच्या खोलीतल्या सरांइतका जीव लावणारा माणूस त्याला पुन्हा मिळायचा नाही. सर एकटे राहायचे, कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे. नव्या कचेरीत संगणक येणार अशी आवई उठली, तेव्हा सगळं गाव हरखलं आणि सर तेवढे खट्टू झाले. "वैनी, त्या मशिनीला दोनच गोष्टी कळतेत. हाव, न्हाईतर न्हाई. आपल्या मुलखात तिचं कसं निभायचं? इथं ज्याला विचारावं तो 'बघू' म्हणतंय!" ते स्वतः बनवणार होते त्या संगणकाला तिन्ही कळणार होत्या: अधिक एक म्हणजे हो, वजा एक म्हणजे नाही आणि मधलं शून्य. शून्य म्हणजे काही नाही असं नव्हे, म्हणायचे. अजून ठरायचंय, एवढंच.

तिनाचा हा नाद त्यांनी बाजारातही नेला. एक, तीन आणि नऊ किलोची स्वतःची वजनं घेऊन वाण्याकडे गेले. नऊचं एका पारड्यात ठेवलं, एक आणि तीन दुसऱ्यात, आणि त्यांच्याच शेजारी ज्वारी टाकायला सांगितली. "नऊचं वजन ठेवून पाच किलो मागून राहिले सर! मला बुडवता का?" वाणी ओरडला. ज्वारी बरोबर पाच किलो भरली. वाण्यानं ती आपल्या वजनानं पुन्हा तोललीच.

संगणक शेवटी झाला तो एवढाच: लाकडी पेटी, एक फिरती कळ, तीन दिवे. उजवीकडे हिरवा 'हाव', डावीकडे लाल 'न्हाई', मध्ये पिवळा 'बघू'. सर टँकरची चौकशी करून यायचे, आमच्या ओट्यावरची कळ फिरवायचे आणि गल्ली त्याप्रमाणे हंडे काढायची. होळीपासून पिवळाच जळत राहिला आणि चैत्रात उडाला. "बघा वैनी," सर अभिमानानं म्हणाले, "सगळ्यात जास्त काम कुणाला पडतंय!"

तो उडण्याआधी सरांनी एक घरगुती प्रश्नही घातला होता. सुलभा आमच्याकडेच राहते, शाळेत शिकवते, आणि आलेली स्थळं परत धाडण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही. सर माझ्यादेखत म्हणाले, "सुलभाबाई, माझ्याशी लग्न कराल का? तोंडानं नका सांगू, कळ फिरवा." तिनं कळ मधोमध आणली. मी कपाळाला हात लावला. सरांनी मात्र पेढे वाटायचेच तेवढे बाकी ठेवले. "वैनी, लाल न्हाई लावला हो!"

मग सरांची नांदेडला बदली झाली. पेटी इथंच ठेवून गेले.

आज दुपारी सुलभा रिकामा हंडा घेऊन ओट्यावर बसली होती. बसल्या बसल्या तिनं कळ फिरवली. मधल्या विझलेल्या दिव्यावरून कळ पुढे गेली आणि हिरवा लागला. टँकरचा तर पत्ता नव्हता.

"सरांना कळवू का गं नांदेडला?"

"बघू, वहिनी," ती म्हणाली. कळ मात्र तिनं मागे आणली नाही.

आजची कामं सगळी उरकली. 'सरांना कळवणे' एवढं एक राहिलंय.