मोतीरामचा कान

अकोल्याच्या जठारपेठेत मोतीराम तायडेची टपरी होती. तिथे बिघडलेली कोणतीही बोलकी वस्तू नेली की मोतीराम आधी एकच वाक्य बोलायचा, "फेकू नोका, होते दुरुस्त." वस्तू अजून फडक्यातून बाहेरही निघालेली नसायची. रेडिओ असो, लाउडस्पीकरचं मशीन असो, नाहीतर लग्नात केकाटून घसा बसलेला भोंगा असो, ‘नवीन घ्या’ हे शब्द त्याच्या तोंडून कोणी ऐकले नव्हते. नवीन घ्यायला सांगणारा माणूस त्याच्या लेखी कारागीर नव्हताच, दुकानदार होता, आणि दुकानदारांबद्दल त्याचं मत फार वाईट होतं.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तो पलटणीत होता. तिथल्या वर्कशॉपात बिनतारीची यंत्रं दुरुस्त करता करता त्याचा हात बसला. परत आल्यावर त्याने ही टपरी टाकली. मोजमाप करायचं मीटर त्याच्याकडे होतं, पण ते पेटीत झोपलेलं असे. त्याचा सगळा भरवसा कानावर. मशीन चालू करायचं, भोंगा पुढे ओढायचा आणि सरळ त्यात डोकं घालायचं. मग "व्हॉल्व्ह गेला" नाहीतर "कंडेन्सर फुगला" असं तो आतूनच ओरडायचा आणि ते भोंग्यामुळे चौकापर्यंत जायचं. लोक हसायचे, पण निदान कधी चुकायचं नाही. वीस वर्षं असं भोंग्यात डोकं घालून कानाचं काय होत असेल, हे त्याच्या मनातही आलं नाही. सुताराने कधी रंध्याची काळजी केली आहे?

त्याची बायको पंचफुला कापसाच्या जिनात कामाला जायची. दोघांचं घर मोर्णा नदीपलीकडे, जुन्या शहरात. छप्पन्न साली दोघं नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली. मोतीरामने घरातले देव मोर्णेत सोडले आणि तो मोकळा झाला. पंचफुलाने मात्र पंचशील अगदी मनावर घेतलं. त्यातलं चौथं, खोटं न बोलण्याचं, तिला फार जड जायचं, कारण बाई भिडस्त. शेजारणीने भाजी कशी झाली म्हणून विचारलं तर अळणी भाजीला अळणी म्हणायची पाळी यायची. यावर तिने आपल्यापुरता एक तोडगा काढला होता. विचारल्याशिवाय बोलायचंच नाही.

म्हणून मोतीरामचा कान चालला आहे हे सगळ्यांत आधी तिला कळलं आणि सगळ्यांत जास्त दिवस तिच्याच पोटात राहिलं. पूर्वी ती डबा घेऊन टपरीच्या मागून आली तरी तिच्या बांगड्या ऐकून तो वळून न पाहताच "आली का?" म्हणायचा. पुढे पुढे ती येऊन उभी राही आणि त्याला पत्ता नसे. लोक हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात अशी त्याची तक्रार सुरू झाली. एकदा जेवताना म्हणाला, यंदा चिमण्या कुठे गेल्या कोण जाणे. त्या वेळी डोक्यावरच्या छपरात चिमण्यांनी नुसता उच्छाद मांडला होता. पंचफुलाने वर पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं आणि त्याच्या ताटात भाकर वाढली. त्याने विचारलं नव्हतं.

बासष्टच्या निवडणुका तोंडावर आल्या तेव्हा शालिकराम त्याच्याकडे आला. शालिकरामकडे एक जुनी काळी मोटार होती. तिच्या टपावर भोंगा, मागच्या सीटखाली मशीन, आणि मोटारीच्याच बॅटरीवर ते चालायचं. सिनेमा, सर्कस, जंतावरचं औषध, जे येईल त्याची जाहिरात करत तो अकोल्यापासून अमरावती, चांदूर बाजारपर्यंत हिंडायचा. निवडणूक म्हणजे त्याचा सुगीचा हंगाम, आणि नेमकं त्याच वेळी मशीन मुकं झालं. नागपूरला जाऊन नवीनच घेतो, असं तो म्हणत होता. मोतीरामने ते वाक्य त्याला पुरं करू दिलं नाही. फेकू नोका म्हणाला, आणि मशीन ठेवून घेतलं.

मशीन बोलायला लागलं. आवाज खणखणीत आला, पण मशीन जरा तापलं की त्या आवाजावर एक बारीक शिटी चढायची, कानात दाभण घातल्यासारखी. शालिकराम परत आला. मोतीरामने मशीन उघडलं, भोंग्यात डोकं घातलं, काहीच ऐकू आलं नाही, तरी गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी एक कंडेन्सर बदलला आणि दिलं. शालिकराम पुन्हा आला. मोतीरामने पुन्हा ऐकलं आणि मनाशी म्हणाला, याला काहीतरी खुसपट काढायचं आहे.

मग चांदूर बाजारची सभा झाली. उमेदवार बोलायला उभा राहिला आणि शिटीने त्याला पुढे सरकू दिलं नाही. माणसं कानात बोटं घालून बसली, मागची पोरं शिट्या मारून साथ द्यायला लागली आणि उमेदवार रागारागाने खाली उतरला. दुसऱ्या दिवशी त्याच्या माणसांनी अमरावतीहून दुसरी गाडी बोलावली. शालिकरामचा सगळा हंगाम गेला. तो तिथून निघाला तो थेट जठारपेठेत, मोतीरामच्या टपरीसमोर येऊन थांबला.

"तू मुद्दाम ठेवतं थे शिटी," तो म्हणाला. "मी फिरून फिरून तुह्याकडे यावं म्हणून."

भर दुपारची वेळ होती. चहावाला जानराव, सायकलवाला, येणारेजाणारे, सगळे थांबले. मोतीरामला आयुष्यात कोणी लबाड म्हटलं नव्हतं. त्याचं डोकं असं फिरलं की त्याने मोटारीतलं मशीन आणि टपावरचा भोंगा काढून सरळ रस्त्यात आणून मांडला आणि मोटारीच्या बॅटरीला तारा जोडल्या.

"माह्या कानाले आयकू येत नाई, म्हंजे ते नाईच," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "तुमीच सांगा आता. कोठं हाय शिटी?"

मशीन तापलं. जानराव धुतलेले कप पुन्हा धुवायला लागला. सायकलवाल्याला चाकातला एक आरा फार महत्त्वाचा वाटायला लागला. फळीखाली झोपलेलं कुत्रं उठलं, त्याने कान फडफडवले आणि ते रस्ता ओलांडून लांब जाऊन बसलं. मोतीरामने ते पाहिलं. या सगळ्या माणसांचे रेडिओ त्याने चांगल्या मनाने दुरुस्त केले होते, त्यांना त्याच्या तोंडावर खरं बोलवत नव्हतं आणि खोटंही रेटवत नव्हतं. त्याला मात्र वाटलं, सगळे शालिकरामला सामील आहेत. तेवढ्यात त्याला गर्दीच्या कडेला डबा घेऊन उभी असलेली पंचफुला दिसली आणि त्याच्या जिवात जीव आला.

"तू सांग," तो म्हणाला. "तू खोटं नाई बोलत."

पंचफुलाने डबा या हातातून त्या हातात घेतला.

"वाजते," ती म्हणाली. "पयल्यापासून वाजून राह्यली."

मोतीरामने वाकून मशीन बंद केलं. तारा सोडल्या, सावकाश गुंडाळल्या. त्याचा चेहरा उतरला होता, पण आवाज नेहमीसारखाच होता. "शालिकरामभाऊ," तो म्हणाला, "तुमी नवीन घ्या."

शालिकराम भांडायला आला होता. हे ऐकून त्याचा राग कुठल्या कुठे गेला. मोतीराम भांडला असता तर बरं झालं असतं असं त्याला वाटलं. जुनं मशीन राहू दे तुझ्यापाशी, एवढं पुटपुटून त्याने मोटार सुरू केली.

त्या दिवशी डबा तसाच घरी परत आला. मोतीरामने चार लोकांत मान गेली याचं एवढं वाईट वाटून घेतलं नाही. त्याला खात होतं ते दुसरंच. इतके दिवस आपल्यासमोर बसून ही जेवली, झोपली, सणवार केले आणि हिला सगळं ठाऊक होतं. शेवटी एकदा त्याने विचारलंच.

"मले सांगतलं काहून नाई?"

"तुमी इचारलं नाई," ती म्हणाली आणि रडायला लागली. तिला रडताना पाहून त्याचा राग गेला नाही, पण एकट्याने धरून ठेवायला तो फार जड झाला.

टपरीवर गिऱ्हाईक कमी झालं. शिटीची गोष्ट अकोलाभर झाली होती आणि गावाला असल्या गोष्टी सांगताना मीठमसाला कमी पडत नाही. मोतीराम रिकामा बसायचा. मग एका रविवारी जिन बंद होतं तेव्हा त्याने शालिकरामचं मशीन घरच्या ओट्यावर मांडलं आणि पंचफुलाला समोर बसवलं. शिटी आली की हात वर कर, गेली की खाली घे, असं सांगितलं. मशीन तापलं आणि तिचा हात वर गेला. त्याने एक तार हलवली, हात वरच. दुसरी हलवली, कंडेन्सर काढला, दुसरा लावला, हात वरच. तिचा दंड भरून आला तेव्हा तिने तो दुसऱ्या हाताने धरला, पण खाली घेतला नाही. पुढे एका व्हॉल्व्हजवळची तार त्याने काडीने जराशी बाजूला सारली आणि तिचा हात अलगद मांडीवर आला. त्याने तार तिथेच दाबून धरली आणि शिशाचा डाग दिला. भोंग्यात त्याने डोकं घातलं नाही. त्याला जे ऐकायचं होतं ते समोर दिसत होतं.

तिथून पुढे काही वर्षं असंच चाललं. टपरीवर जमलेलं काम तो रविवारी घरी आणायचा आणि ती हात वर-खाली करायची. गल्लीतल्या बाया चिडवायच्या, मास्तर तायडे आणि त्यांची एकच विद्यार्थिनी. पंचफुला लाजायची. मोतीरामला चिडवाचिडवी ऐकू यायची नाही, पण ती लाजली की कळायचं. काम बरं व्हायचं, पूर्वीइतकं बरं. फक्त ‘फेकू नोका’ तो पुन्हा कधी म्हणाला नाही. गिऱ्हाइकाने मशीन पुढे ठेवलं की म्हणायचा, पाहू. शालिकरामची मोटार नवीन मशीन घेऊन जठारपेठेतून गेली की तो खाली मान घालून काहीतरी शोधत बसायचा. शालिकरामचं जुनं मशीन त्याने वस्तीतल्या पत्र्याच्या विहाराला देऊन टाकलं. जयंतीला ते साफ वाजायचं.

पंचफुलाला खोकला लागला तो जिनातल्या कापसाच्या कोंड्याचा. जिनात काम करणाऱ्या कोणत्या बाईला तो नव्हता? म्हणून कोणी मनावर घेतलं नाही. मोतीरामला तो खोकला रात्रंदिवस ऐकू यायचा. बांगड्या गेल्या, चिमण्या गेल्या आणि नेमका हा जाड खोकला त्याच्या कानाला शिल्लक राहिला होता. अडुसष्टच्या उन्हाळ्यात तोही थांबला.

पंचफुला गेली तेव्हा मोतीराम रडला नाही. आलेल्या माणसांना बसायला चटया टाकत होता, पाणी देत होता. गडी दगडाचा आहे, असं नातेवाईक आपापसांत बोलले. पुण्यानुमोदनाला, म्हणजे तिच्या दिवसकार्याला, विहारात सगळी वस्ती जमली. शालिकरामही आला आणि दाराशी टेकून उभा राहिला. तेच जुनं मशीन होतं, जयंतीपासून नुसतं पडून असलेलं. मोतीरामने ते स्वतः लावलं, कोणाला हात लावू दिला नाही. बायका बसल्या होत्या तिथे त्याची नजर सवयीने गेली आणि फिरून मशीनवर आली.

बौद्धाचार्य खुशालराव मायकासमोर बसले. वंदना झाली. मग सगळ्यांनी त्यांच्या मागून पंचशील घेतलं, एकेक शील सावकाश. चौथ्या शिलाशी मोतीरामने वर पाहिलं. पुढच्या एका म्हातारीने पदर कानावर घट्ट ओढून धरला होता. तिच्या शेजारणीचे डोळे बारीक झाले होते. जठारपेठेत त्या दुपारी पाहिलेले चेहरे त्याला इथे दिसायला लागले. पंचशील संपलं तेव्हा तो उठून उभा राहिला.

"आवाज बराबर हाय ना?" त्याने विचारलं. "शिटी त नाई?"

मशीन तसंच चालू होतं.

"नाई, मोतीराम," खुशालराव म्हणाले. "एकदम साफ हाय."

साफ हाय, साफ हाय, असं बायका म्हणाल्या. पुरुषांनी माना हलवल्या. म्हातारीने घाईघाईने कानावरचा पदर सोडला. दाराशी उभा असलेला शालिकराम सुद्धा म्हणाला, साफ हाय, आणि त्याने खाली पाहिलं.

मोतीराम एकेका तोंडाकडे पाहत गेला. चौथं शील घेऊन अजून घोटभर पाणी प्यायलाही वेळ झाला नव्हता, आणि त्याच्यासाठी सगळी वस्ती खोटं बोलत होती. बायकांच्या रांगेत त्याने पुन्हा एकदा पाहिलं. कुठेच कोणाचा हात वर नव्हता. तो खाली बसला आणि इतके दिवस कोरडा राहिलेला माणूस सगळ्यांदेखत मोठ्याने रडायला लागला.

बरं झालं, रडला, असं लोक म्हणाले. मशीन बंद करायचं कोणाला सुचलं नाही, आणि कार्यक्रम संपेपर्यंत ती शिटी चालूच होती.