फायटरची शेपटी

कळंबोलीत मी माझ्या माशांसाठी खाणं आणायला गेलो, तेव्हा दुकानात एक धिप्पाड कंटेनर ड्रायव्हर छातीशी बरणी धरून उभा होता. आतल्या निळ्या फायटर माशाच्या शेपटीच्या चिंध्या झाल्या होत्या. दुकानदाराने बरणीतलं प्लॅस्टिकचं झाड उपसून काढलं. "ह्याच्यावर घासून फाटलीय. पाणी साफ ठेवा, परत येईल."

"त्याला करमावं म्हनून मीच लावलेलं," ड्रायव्हर ओशाळला. मग मला म्हणाला, "केबिनमदी सोबतीला असतो. म्हनून गाडी सावकाश काढतो. मागच्या मालाचा विमा हाय, याचा नाय."

परवा जासईजवळ एक भलामोठा कंटेनर गतिरोधकावरून अगदी अलगद उतरत होता. मागे हॉर्नचा नुसता कल्ला. माझा रिक्षावालाही हॉर्न दाबणार, तेवढ्यात मी म्हटलं, "थांबा दादा, पुढे पेशंट असेल."