डाव्या बुटाची कड

गल्लीच्या टोकाला बूट शिवणारा एक कारागीर होता. सगळे त्याला उस्ताद म्हणत आणि तोही ते खुशाल म्हणू देई. माणसाच्या तोंडाकडे तो क्वचितच बघायचा. बघायचा ते पायांकडे. समोरच्या न्हाव्याचं सासऱ्याशी फाटलंय, हे त्याने म्हणे टाचांच्या झिजेवरून ओळखलं होतं. बातमी खरं तर उस्तादाच्याच बहिणीने आणली होती, पण असो.

त्याला मुलगी झाली तेव्हा तिच्या कंबरेखाली, पाठीच्या कण्यावर अगदी मधोमध, मऊ काळ्या केसांचा झुपका होता आणि त्याखाली एक खळी.

"शेपूट घेऊन आलीय की गं बया!" आत्या खिदळली.

"गप बसा हो वन्सं," म्हणत उस्तादाच्या बायकोने झबलं खाली ओढलं. त्यानंतर त्या झुपक्याचं नाव घरात कोणी काढलं नाही. पोर गुटगुटीत होती. वेळेवर चालली, मग पळतच सुटली. नाव पडलं भिंगरी.

शाळेत जायला लागली आणि तिच्या डाव्या बुटाची बाहेरची कड झिजू लागली. उस्तादाच्या कारागिरीला ते आव्हानच. त्याने कडेला चामड्याची पट्टी चढवली, आत पाचर घातली. कड पुन्हा झिजली. पाचर जाड झाली. पुढे डावा बूट सैल पडू लागला, तेव्हा त्याने आत फोम भरला. घरात घालायला सपाता शिवल्या, त्यांनाही तशीच पाचर.

"अरे, पोरगी पाय ओढते," आत्या म्हणाली.

"कुठे? चाल बघू, भिंगरे."

भिंगरी चालली. सरळ, झोकात. त्याच्या बुटात ती सरळच चालायची.

मधेच अंथरूण पुन्हा ओलं होऊ लागलं. "लग्नात गादी आंदण द्या हो पोरीला," आत्याने टोमणा हाणला. आईने गादी उन्हात टाकली आणि संध्याकाळनंतर पाणी बंद केलं. उस्ताद तेव्हा नवी पाचर तासत होता.

एके दुपारी भिंगरी शाळेतून गाणं म्हणत आली. फरशीवर तिच्या मागे लाल ठसे उमटत होते, एकाच पायाचे. उस्तादाने बूट ओढून काढला. पाचरीचा खिळा वर येऊन टाचेत रुतला होता. मोजा रक्ताने चिकटला होता.

"अगं, दुखलं नाही?"

"काय?" भिंगरीने विचारलं.

"डोळे मीट. कुठे हात लावतोय, सांग." त्याने तळव्यावर अंगठा दाबला, मग जोरात दाबला.

डोळे मिटूनच ती हसली. "बाबा, लावा ना आता. किती वेळ?"

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी पायाआधी पाठ पाहिली. त्यांनी झुपक्यावरून बोट फिरवलं. मग स्कॅन झालं. आईच्या पोटात असतानाच खालचे मणके मागून पुरते मिटले नव्हते, वर कातडी मात्र जुळलेली. आतली मज्जारज्जू खाली चिकटून राहिली होती. पोर उंच होत होती आणि ती रज्जू ताणली जात होती. पाय, लघवी, सगळं त्या ताणामुळे.

"माझं काही चुकलं का हो?" आईने विचारलं.

"नाही. दिवस गेल्याचं कळण्याआधीच हे घडून जातं," बाई म्हणाल्या. "पाय वळायला कधी लागला?"

उस्ताद तिच्या बुटांकडे बघत होता. जन्मभर जिभेला हाड नसलेली आत्या या वेळी हलक्या आवाजात म्हणाली, "त्याने वळू दिलाच नाही, डॉक्टर."

ऑपरेशन झालं, चिकटलेलं सुटलं. अंथरूण कोरडं राहू लागलं. तळव्याची गेलेली जाणीव मात्र परत आली नाही. "वाढत्या वयात पुन्हा चिकटू शकतं," बाईंनी बजावलं. "चालीत जरासा फरक दिसला तरी घेऊन या."

उस्तादाने नवे बूट शिवले, साधे. पाचर नाही, पट्टी नाही, खिळा तर नाहीच, नुसती शिलाई. भिंगरी त्यात लंगडते. गल्ली बघते. न्हाव्याने विचारलंही, "काय उस्ताद, हात गेला की काय तुमचा?"

रोज संध्याकाळी आई तळवा तपासते आणि उस्ताद डावा बूट उलटा करून कडेवरून अंगठा फिरवतो. परवा भिंगरी दाराच्या चौकटीला पाठ टेकून ओरडली, "बाबा, बघा, मी केवढी वाढले!"

उस्तादाने तिच्याकडे बघितलं नाही. आधी बूट उचलला.