वजा वीस, लाल रंगात

शुक्रवार, ५ डिसेंबर १९९७. दुपारी सव्वाचार.

या वेळी मंदा साळवेवर अन्याय झाला. मी साक्षीदार आहे.

मंदा काल गेली. मी अजून आहे.

मंदा आमच्या नगरच्या आरोग्य खात्याच्या ऑफिसात लसींच्या स्टोअरची फार्मासिस्ट. मी शेजारच्या खोलीत, कॉम्प्युटरवर. एकच कॉम्प्युटर होता आणि त्याला हात लावायला मी सोडून सगळे घाबरायचे.

पोलिओची लस डीप फ्रीझरमध्ये ठेवतात. शून्याच्या खाली वीसच्या आसपास. मंदा सकाळ-संध्याकाळ थर्मामीटर बघून आकडा सांगायची, मी तो स्प्रेडशीटमध्ये भरायचे.

वजा वीस. वजा एकोणीस. वजा वीस.

इतरांना वजा म्हणजे वाईट. आमच्याकडे वजा म्हणजे लस शाबूत.

त्या आठवड्यात कलर मॉनिटर आला आणि साहेबांना रंगांचं वेड लागलं.

"मॅडम, आकड्याआधीची ती रेघ काढा. वजा आकडे लाल करा. एकदम मॉडर्न दिसेल."

"लाल करते सर, पण रेघ राहू द्या. आपला प्रिंटर फक्त काळं छापतो."

"रंग असताना रेघ कशाला? कॉन्व्हेंटमध्ये वाद घालायलाच शिकवतात का?"

"वाचायलाही शिकवतात, सर."

शुक्रवारी मी डबा खाऊन येईपर्यंत त्यांनी माझ्या खुर्चीत बसून स्वतः फॉरमॅट बदललं. आकडे लाल, रेघ गायब. प्रिंट काढली, वाचली नाही, सही ठोकली, पुण्याच्या वरच्या ऑफिसला फॅक्स केली.

स्क्रीनवर लालभडक. कागदावर सगळं काळं.

वीस. एकोणीस. वीस.

सव्वाचारला पुण्याहून फोन. परवा पोलिओचे थेंब पाजायचेत आणि तुमचा फ्रीझर वीस अंशांवर? लस ठेवलीय की सरबत?

साहेबांनी समोरच्या प्रिंटकडे पाहिलं. मग स्क्रीनकडे. त्यांना कळलं. ते कळताना मी त्यांचा चेहरा पाहिला आहे.

कळल्यावर ते फोनमध्ये म्हणाले, "सर, स्टोअरवालीचा हलगर्जीपणा आहे. सगळा स्टॉक नष्ट करतो."

अन्याय तो हा.

आमच्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याची जीप दारात उभी होती. तिकडच्या डोंगरातल्या वाड्यांवर शनिवारी लस पोचली नाही, तर रविवारी पोरांच्या तोंडात काय घालायचं? पाणी?

मंदा नम्र वगैरे अजिबात नव्हती. एरवी छापील बोलायची, पण चिडली की थेट गावाकडची, कर्जतची व्हायची. तिने फ्रीझर उघडला, एक बाटली काढली आणि टेबलावर ठोकली.

टक्.

"दगड हाय साहेब, दगड. वीस अंशाला असा दगड व्हतो व्हय?"

"कागदावर वीस आहे, साळवे."

"मग कागदाला हात लावा. गार लागतोय का बघा."

जीपचा ड्रायव्हर हसला. साहेब लाल झाले.

"चावी द्या. आत्ता."

तिने बाटली आत ठेवली, कुलूप घातलं, चावी कमरेला खोचली.

"लेखी द्या. चांगली लस फेका म्हणून लिहा, खाली सही करा. मग चावी घ्या."

साहेबांचं पेन खिशातून बाहेर आलं नाही.

तोवर मी रेघा परत आणल्या होत्या. प्रिंट, फॅक्स, आणि पुण्याला फोन. लाइन लागेना. लागली तर कट. बाहेर ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, स्टोअरमध्ये साहेब ओरडतायत, आणि मंदा कुलपाला पाठ लावून उभी.

एकदाची लाइन लागली. मी सगळं सांगितलं.

"मग आधी रेघ का नव्हती?"

"ते आमच्या साहेबांना विचारा."

कोणी विचारलं नाही. पण लस पाठवा म्हणाले. बर्फाच्या डब्यांत लस भरून जीप गेली. रविवारी अकोल्यातल्या पोरांना थेंब मिळाले.

शनिवारी सहा डिसेंबर. मंदा बाबासाहेबांच्या पुतळ्याला अभिवादन करून, पांढऱ्या साडीत ऑफिसात आली. टेबलावर मेमो होता.

'तापमानाच्या नोंदीत हलगर्जीपणा.'

तिची एकही नोंद चुकलेली नव्हती.

मला मेमो दिला नाही. मी इंग्रजीत उत्तर दिलं असतं, आणि ते समजावून सांगायला साहेबांना माणूस शोधावा लागला असता.

मंदाने उत्तर दिलं. मी साक्ष लिहून दिली. त्यावर वरून काहीच उत्तर आलं नाही. शेरा सर्व्हिस बुकात तसाच राहिला. तिच्या मागून आलेले लोक पुढे गेले. ती त्याच पोस्टवरून रिटायर झाली.

नंतर कधीही फोन केला की तिचं पहिलं वाक्य ठरलेलं.

"आलं का ओ मॅडम उत्तर?"

आणि मोठ्यांदा हसायची.

मागच्या महिन्यात हॉस्पिटलमध्येही तिने हेच विचारलं. तेव्हा हसली नाही.

आज सकाळी तिच्या मुलीच्या पोस्टखाली साहेबांची कमेंट वाचली. "अत्यंत कर्तव्यदक्ष सहकारी गमावली." पुढे जोडलेले हात.

कर्तव्यदक्ष? साहेब, हा शब्द तुम्हाला त्या शनिवारी सुचला नाही?

मंदा, तू आता निवांत जा. उत्तराच्या मागे मी लागते. तुला माझा शेवटचा जय भीम.

आणि साहेब, तुम्ही माझ्या फ्रेंड लिस्टमध्ये आहात, म्हणजे हे वाचणार आहात.

येत्या रविवारी सकाळी मंदाच्या घरी तिच्या आदरांजलीचा, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आहे. रेघ कोणी काढली आणि मेमो खरा कोणाला मिळायला हवा होता, याचं लेखी उत्तर मला शनिवारी संध्याकाळी सहाच्या आत हवं. मी ते तिच्या मुलीच्या हातात देणार आहे.

कमेंट नको. जोडलेले हात नकोत. कागदावर, तुमच्या अक्षरात, खाली सही.

शाई कोणत्याही रंगाची चालेल.