चाचणी प्रतीवर दिलेली साक्ष

मी पत्रकं लिहितो. ठाण्याच्या टेंभी नाक्यावर येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातात कागद कोंबत शिकलेलो. पहिल्या ओळीत शिवी नको, पण शिवीचा जोर हवा, आणि खाली कायम एकच वाक्य: वाचा आणि पुढे द्या.

आमची समिती डोंबिवलीतली. मानपाड्याच्या बाजूला एक रसायनांची कंपनी आहे. संध्याकाळ झाली की तिचा वास घरात शिरतो, दोरीवरच्या कपड्यांत बसतो, पोरं खोकत राहतात. कंपनी म्हणते, वास आमचा नाही. मग कुणाचा, आमच्या आमटीचा? आम्ही एक वेबसाइट काढलेली. लोक तिथे आपली साक्ष लिहायचे, वास कधी आला, कुणाला काय त्रास झाला. कल्याणच्या सरकारी कार्यालयात सुनावणी लागली होती, आणि तिथे आमच्याकडे मांडायला या साक्षींशिवाय दुसरं काहीही नव्हतं.

नेमकी तेव्हाच साइट नासली. वेबसाइटवरचा मजकूर सांभाळणारी जी प्रणाली असते, ती आमची जुनाट; बनवणाऱ्यांनीच तिची डागडुजी सोडून दिलेली. कुणीतरी भोकातून आत घुसलं आणि एका आजोबांच्या दम्याच्या हकिगतीखाली रमीची जाहिरात नाचायला लागली. नवी आवृत्ती चढवणं भाग होतं.

माजिवड्याला माझा एक मित्र राहतो, आयटीत आहे. तो म्हणाला, करतो, पण घाई करायची नाही. आधी अख्ख्या साइटची नक्कल दुसऱ्या पत्त्यावर उभी करायची. नवी आवृत्ती पहिल्यांदा नकलेवर चढवायची, काय मोडतंय ते बघायचं, दुरुस्त करायचं. मग खऱ्या साइटचा बॅकअप घ्यायचा, तो नीट उघडतो का तेही तपासायचं, आणि त्यानंतरच खऱ्या साइटला हात लावायचा. काम झालं की नक्कल पुसायची, कारण बेवारस नक्कल म्हणजे चोरासाठी उघडं ठेवलेलं मागचं दार.

"नकलेवर काहीही लिहा," त्याने बैठकीत सांगितलं. "खोटंनाटं चालेल. फॉर्म चालतो की नाही एवढंच बघायचंय. शेवटी सगळं उडवणार आहे मी."

"म्हणजे रंगीत तालीम," आमचे अध्यक्ष काका म्हणाले.

मग काय, एकाने लिहिलं: वास येतोय, अध्यक्षांच्या मोज्यांचा. दुसऱ्याने दुजोरा दिला. काकांनीही खाली लिहिलं की सदर मोजे पुरावा म्हणून जपून ठेवले आहेत. कित्येक महिन्यांत आम्ही इतके हसलो नव्हतो.

आणि काकांनी सवयीने त्या नकलेचाच पत्ता उचलून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. आपली नवी साइट, जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवा. चळवळीतला माणूस हातात आलेलं पुढे देतो, आधी देतो, मग वाचतो. ग्रुपवरून ग्रुपवर जात ते सगळ्या भागात फिरलं. पानावर वर पिवळी पट्टी होती, 'ही चाचणी प्रत आहे' म्हणून. "मला वाटलं सजावट असेल," काका नंतर म्हणाले.

कंपनीमागच्या चाळीत एक ताई राहतात. त्यांचा नवरा त्याच कंपनीत कंत्राटावर आहे. आत काय चालतं, संध्याकाळी कुठला पाइप कुणाच्या सांगण्यावरून नाल्यात सोडतात, हे त्यांच्या घरात माहीत होतं. मी किती वेळा त्यांच्या दारात गेलो असेन. "चूल त्यांच्या पगारावर पेटते, दादा," त्या म्हणायच्या. "तुमचं पत्रक तिच्यात घालू का?"

एका रविवारी सकाळी मित्राने खऱ्या साइटवर नवी आवृत्ती चढवली. काहीही मोडलं नाही. रमी गेली, आजोबांचा दमा जागेवर. मी आनंदात पत्रकं घेऊन चाळीत गेलो. ताई दारातच भेटल्या, आवाज खाली आणून म्हणाल्या, "लिहिलं बरं का. सगळं. त्या नव्या लिंकवर. मी बोलत गेले, फोन लिहीत गेला. फोनमधलं मग पुसून टाकलं, हे बघतात ना."

मी तिथेच जिन्यात बसून साइट उघडली. ताईंची साक्ष नव्हती. मित्राला फोन लावला.

"कुठल्या पत्त्यावर लिहिलंय?" त्याने विचारलं. मी सांगितला.

"अरे, ती नक्कल. सकाळीच उडवली."

"बॅकअप?"

"बॅकअप खऱ्याचा घेतात रे. नकलेचा कोण घेतो?"

"तुला दिसलं नाही काही?"

"दिसलेलं एक लांबलचक. वर मोजे, खाली मोजे. म्हटलं तुमचंच काहीतरी चाललंय."

इंटरनेटवर साइटला जागा भाड्याने देणाऱ्यांना विचारलं. उत्तर आलं, पुसलं ते पुसलं.

ताईंना कुठल्या तोंडाने सांगायचं? तरी सांगितलं. पुन्हा एकदा बोला, म्हटलं, मी स्वतः लिहून घेतो. त्यांनी मला घरात घेतलं नाही.

"लिंक कंपनीतल्या ग्रुपवर पण फिरलेली," त्या म्हणाल्या. "तिथे वाचलंय लोकांनी. साहेब एकेकाला बोलावून विचारतायत, कुणाच्या घरातून गेलं म्हणून. त्यांनी वाचलं. तुम्हीच नाही वाचलं, दादा."

राग कुणावर काढायचा? मित्राने प्रत्येक पायरी नेमाने केली. काकांनी आयुष्यभर जे केलं तेच केलं. पण जो वास नाक असलेल्या कुणालाही येतो, तो सिद्ध करायला एका बाईने आपली चूल पणाला लावायची, ही कसली व्यवस्था? सुनावणीला तिथल्या सरकारी साहेबांनी विचारलंच, "आतल्या माणसाचं काही आहे का?" आम्ही लॅपटॉप पुढे केला. आजोबांचा दमा, पोरांचा खोकला, सगळं झरझर उघडत होतं. "साइट चांगली केलीये," साहेब म्हणाले. "पण यावरून वास यांचाच, असं कसं म्हणायचं?" प्रकरण बंद झालं.

मित्र अजून वेळच्या वेळी मेसेज टाकतो: नवी आवृत्ती चढवली, बॅकअप तपासला, सगळं ठीक.

निकालावर मी पत्रक काढलं. खालचं नेहमीचं वाक्य या वेळी लिहवलं नाही. चाळीत गेलो तेव्हा ताई दोरीवरचे कपडे काढत होत्या, संध्याकाळ व्हायच्या आत. मी कागद पुढे केला. त्यांचे दोन्ही हात भरलेले होते, आणि त्यांनी ते तसेच भरलेले ठेवले.